यात्रेतल्या शर्यतीला लहान पोराला न्यायचं का? मैदानात उभं कुठं राहायचं?

वारणाकाठ
मंडळी, नमस्कार. आमच्या गावची यात्रा तीन आठवड्यांवर आलीय. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाड्यांचं मैदान आणि चारनंतर घोडागाड्या. भाचा नऊ वर्षांचा आहे, सुट्टीला आलाय. "मामा, मला घोडा जवळनं बघायचाय" हा त्याचा सकाळ-संध्याकाळचा धोशा. बहिणीचा जीव मात्र थाऱ्यावर नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही.

कारण गेल्या वर्षी शेजारच्या एका गावात मी समोर उभा होतो. निकालाच्या रेषेपासून पन्नास-साठ पावलं पुढं. काथ्याची दोरी बांधलेली, पण ती माणसांच्या रेट्यानं गुडघ्याएवढी खाली आलेली. सेमीफायनलचा फेरा सुटला, गाडी रेषेवरून गेली आणि कोण पहिलं हे बघायला सगळी गर्दी दोरी ओलांडून आत. मागची गाडी अजून पळतच होती. बैलांना समोर माणसंच माणसं दिसली, ती उजवीकडं फिरली. एक आजोबा खाली आले. मांडीचं हाड मोडलं. त्यांची एक चप्पल चाकाखाली मातीत रुतून बसली होती, ती मी उकरून काढली आणि दवाखान्यात नेऊन दिली. ती चप्पल हातात धरून तिथं उभा होतो ते अजून आठवतं.

तर विचारायचं असं: पोराला न्यावं का? न्यायचं तर उभं कुठं राहायचं? आणि पावसाळ्यात पुण्याला रेसकोर्सवर न्यायचाही विचार आहे, तिथलं कसं असतं? जाणकारांनी सांगावं.

कडेगावची_सून
खांद्यावर बसवून नेऊ नका एवढंच पहिलं सांगते. गर्दी हलली की खांद्यावरचं पोर आधी पडतं.

माणदेशी_खोंड
वारणाकाठदादा, आमच्या दावणीला तीन पिढ्या पळाऊ बैल हायत, म्हणून लिवतो.

मैदानात धोक्याच्या जागा दोनच. एक जिथनं गाड्या सुटत्यात ती. तिथं बैल धरून उभी असलेली पोरं, झेंडा पाडून गाड्या सोडणारा झेंडा पंच, मालक, मालकाचे दोस्त, सगळा गोतावळा. बैल तापलेला असतो, एक जागी ठरत न्हाई, मागं सरकतो. मागं कोण उभं हाय ते त्याला ठावं नसतं. दुसरी जागा तुम्ही बघितली तीच, निकालाच्या रेषेपुढची. लोकांना वाटतं रेषा आली म्हंजी शर्यत संपली. बैलाला रेषा ठावी नसते. ड्रायव्हरनं कासरा ओढला तरी जोडी आणखी लांबवर जाती. म्हणून रेषेपुढं मोकळं रान ठेवायचं, आणि त्या रानात फक्त बैल धरणारी पोरं. बाकी एक माणूस नको, पाव्हणा असो न्हाई तर पुढारी.

मधल्या पल्ल्याला, कडेच्या तासापास्नं, म्हंजी गाडी पळायच्या पट्टीपास्नं, चांगलं लांब, बांधावर न्हाई तर ट्रॉलीत उभं राहा. निकाल दिसणार न्हाई. पण बैलाची खरी धाव तिथंच दिसती, खुरांचा आवाज पायाखालच्या मातीतनं वर येतो. आमचा बाप आम्हाला कायम तिथंच उभं करायचा.

मिरजेचा_तंबोरा
ट्रॉलीवर सहमत, पण ट्रॉलीच्या फाळक्यावर पोरं बसवतात ते नको. आणि ट्रॅक्टरची चावी काढून घ्या. आमच्याकडं ट्रॉलीत माणसं उभी असताना एकानं ट्रॅक्टर चालू केला होता.

जनावरांचा_डॉक्टर
धागा वाचून बरं वाटलं. बैलांविषयी माणदेशी_खोंड यांनी लिहिलंच आहे, मी घोड्याविषयी लिहितो, कारण भाच्याला "जवळनं" बघायचाय आणि अपघात जवळच होतात.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त दोन जागा सोडून. एक त्याच्या शेपटीमागची, दुसरी त्याच्या कपाळाच्या अगदी पुढची. माणसं नेमकी याच दोन ठिकाणी जातात. मागून जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारतात, नाही तर समोरून एकदम कपाळावर हात ठेवतात. घोडा दचकला की विचार करत नाही. लाथ झाडतो, उधळतो किंवा चावतो. निसर्गानं त्याला तसंच घडवलंय. पळून जाऊन जगणारं जनावर आहे ते.

मग कसं जायचं? आधी मालकाला विचारायचं. मालक घोड्याच्या तोंडाशी लगाम धरून उभा हवा. आपण बाजूनं, खांद्याच्या दिशेनं, त्याला दिसत राहू असं, बोलत बोलत जायचं. कान बघायचे. कान पुढं किंवा सैल असतील तर ठीक. कान मानेला चिकटून मागं पडले की पुढं जायचं नाही. मान खांद्याजवळ चोळायची, तोंडाला हात लावायचा नाही. पळून आलेल्या घोड्याजवळ तर जाऊच नये. त्याचा श्वास खाली बसू द्या.

छत्री उघडणं, फुगा फुटणं, प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर फडफडणं, डोक्यावर ड्रोन येणं, या सगळ्याला घोडा बिचकतो. भाच्याच्या हातात फुगा देऊ नका.

आणि खरचटलं, चावलं तर हळद चेपून घरी बसायचं नाही. घोड्याच्या लिदीत आणि त्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. चावलेलं असेल तर रेबीजच्या लशीचंही डॉक्टरांना विचारा.

तासगावची_द्राक्षबाग
डॉक्टरसाहेब, कानाचं माहीत नव्हतं. आमच्या नवरदेवाच्या घोडीचे कान वरातभर मागंच होते, आणि आम्ही तिच्यापुढं बँड वाजवत होतो. आता कळलं ती बिचारी काय सांगत होती.

कृष्णामाईचा_घाट
मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. नऊ वर्षांच्या मुलाला नेऊच नये. तिथं काय बघणार ते? शेपटी पिरगाळणं, दारू, आरडाओरडा, कडेला लागलेल्या पैजा. उगाच बंदी आली होती का?

माणदेशी_खोंड
कृष्णामाई, दारू आणि शेपटीबद्दल तुमचं बरोबर हाय, त्याची आम्हालाबी लाज वाटती. पण ज्यानं बैल लेकरागत पाळला त्याला तुम्ही त्याच टोपलीत घालू नका. बंदीत आमच्या शेजाऱ्यानं चांगला आदत, म्हंजी दुधाचे दात न पडलेला, खोंड कवडीमोलानं विकला. खिलार जात पळण्यासाठीच राखली जाती आता. नांगराला ट्रॅक्टर हाय, मग नुसता दावणीला कोण बांधणार? आमच्या घरात बैलाला पाणी पाजल्याशिवाय कोणी जेवत न्हाई. पोरांनी हे बघायला पायजे.

कृष्णामाईचा_घाट
प्रेम मान्य आहे. माझा आक्षेप प्रेमावर नाही, गर्दीवर आहे. बैल तुम्ही लेकरासारखा जपता, मग खरं लेकरू दोरीपाशी का उभं करता?

माणदेशी_खोंड
हे मात्र पटलं.

कोर्टाची_पायरी
बंदीचा विषय निघालाच आहे तर थोडं नीट मांडतो, कारण सुरक्षेचा मोठा भाग त्यातच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैल आवरण्याचा खेळ) आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि नियम केले, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे कायदे वैध ठरवले.

म्हणजे आज शर्यत कायदेशीर आहे ती नियम पाळले तरच. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको. पशुवैद्यकाची तपासणी लागते. काठी, चाबूक, विजेचा झटका काही चालत नाही. नियम मोडला तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वारणाकाठ, तुम्ही यात्रा समितीकडे परवानगीची प्रत बघायला मागा. गावकरी म्हणून विचारायला काही हरकत नाही. ज्या समितीकडे प्रत आहे तिच्याकडे बहुतेक वेळा रुग्णवाहिका आणि पोलीस बंदोबस्तही असतो, कारण अर्ज करताना हे सगळं डोळ्यांखालून गेलेलं असतं. आणि एक लक्षात ठेवा, ते नियम बैलगाडी शर्यतीचे आहेत. त्याच कागदावर संध्याकाळी घोडागाड्या पळवता येतात असं समितीनं धरून चालू नये.

पैजांचं म्हणाल तर यात्रेतली पैज हा सरळ जुगार आहे. रेसकोर्सवरची पैज वेगळी. तिथं परवाना असतो, आणि घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलंय.

जयसिंगपूर_भडंग
घोडागाडीचा विषय निघालाय म्हणून मनातलं लिहितो. मी एकवीस-बावीसचा असताना घोडागाड्यांच्या मागं मोटारसायकल घेऊन पळणाऱ्यांतला होतो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: गाडी डांबरी रस्त्यावरनं सुटते आणि तिच्या दोन्ही अंगांनी तीस-चाळीस मोटारसायकली, एकेकीवर तिघं, हॉर्न दाबून, शिट्ट्या मारत. आपल्या घोड्याला जोर येतो असा समज. घोड्याचं तोंड फेसानं भरलेलं, डोळ्याचं पांढरं दिसतंय, आणि आपण त्याला "हाण हाण" करतोय.

एका वळणावर पुढची मोटारसायकल घसरली. मागचा घोडा तिच्यावर अडखळून गुडघ्यावर आला. माणसं वाचली. घोडा उठला, पण पुढचा पाय टेकवेना. मालक रस्त्यातच त्याच्या मानेला मिठी मारून बसला होता. त्या दिवसापासून मी मागं पळणं सोडलं.

वारणाकाठ, बैलांचं मैदान दाखवा. घोडागाडी रस्त्यावर असेल तर पोराला घरातनं बाहेर काढू नका. रस्त्याकडेला सुरक्षित जागा नसते. घोड्यापासून वाचलात तर मोटारसायकलपासून वाचत नाही.

जनावरांचा_डॉक्टर
मनापासून लिहिलंत, आभार. डांबरावर नाल घसरते, त्यात वळण. त्या पायाचं पुढं काय होतं ते मी टेबलावर बघितलंय, इथं लिहीत नाही. जनावर जखमी झालं तर १९६२ ला फोन करा, पशुवैद्यकीय सेवेचा नंबर आहे. माणसासाठी १०८. दोन्ही नंबर निवेदकाच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेले हवेत.

कडेगावची_सून
बायकांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आम्ही मैदानाला जातो, आवडतं आम्हाला. पण बायकांना उभं राहायला जागा कुठली, तर निकालाच्या रेषेच्या पुढची, कारण मधल्या पल्ल्याच्या चांगल्या जागा सकाळी सहालाच पुरुषांनी धरलेल्या असतात. म्हणजे धोक्याची जागा बायका-पोरांना. हे मुद्दाम कोणी करत नाही, पण होतं तसंच. समितीनं मधल्या पल्ल्याला बांबू लावून बायका-मुलांसाठी जागा राखावी, तिथं पाण्याचा टँकर आणि जवळ आडोसा. पाणी लांब असलं की पोरं तास ओलांडून पाण्याला जातात. मी दोन वेळा आडवून परत आणलीत.

आणि दादा, भाच्याच्या हातावर, मनगटाच्या आत, तुमचा फोन नंबर बॉलपेननं लिहा. कागद हरवतो. नंबर कुणाला दाखवायचा तेही सांगून ठेवा, निवेदक काका किंवा पोलीस. आमचा धाकटा एका यात्रेत सापडला तो असाच.

पुसेगावचा_रथ
कडेगावच्या ताईंना १०० गुण.

आमच्याकडं सेवागिरी महाराजांच्या यात्रेत रथ, जनावरांचा बाजार आणि शर्यती, सगळं एका हंगामात येतं. अवांतर होईल, पण ज्याला बैल जवळून बघायचेत त्यानं शर्यतीत जाण्याऐवजी आधी जनावरांच्या बाजारात जावं. सकाळी लवकर. धूर, कडबा, शिंगांना लावलेला रंग, दात बघून चाललेली घासाघीस. मालक स्वतः हात धरून पोराला बैलाच्या वशिंडाला हात लावू देतात. तिथं घाई नसते.

खरसुंडीचा_सिद्धनाथ
अवांतराला अवांतर: आमच्या खरसुंडीच्या बाजाराला विसरू नका! खिलार बघायचा तर आटपाडी तालुक्यात.

मिरजेचा_तंबोरा
आता दोन तालुक्यांची बिनजोड, म्हणजे एकास एक शर्यत, लागणार बहुतेक. झेंडा पंच कोण?

पुसेगावचा_रथ
आमची आजी. ती माणसांनाच काय, बैलांनाही रांगेत उभं करते.

वाईकर_मुक्काम_पुणे
रेसकोर्सचा प्रश्न राहिलाय, तो मी घेतो. माझं घर कॅम्पात आहे, दर हंगामात जातो.

पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईत महालक्ष्मीला. दोन्हीकडच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. वयाचे, कपड्यांचे नियम प्रत्येक स्टँडला वेगळे असतात. सभासदांच्या बाजूला चप्पल-बर्मुडा घालून गेलात तर दारातूनच परत. तेव्हा निघण्याआधी क्लबकडे फोन करून "नऊ वर्षांचा मुलगा बरोबर आहे, कुठल्या स्टँडचं तिकीट मिळेल" एवढं विचारा. १८ वर्षांखालच्याला पैज लावता येत नाही, आणि तुम्हीही लावू नका असं माझं मत. घोडे बघायला जायचंय ना, मग घोडेच बघा.

शर्यतीआधी घोडे पॅडकमध्ये, म्हणजे कठड्याच्या रिंगणात, फिरवतात. सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा, लगाम धरून चालतो, घोड्याची कातडी तेल लावल्यासारखी चमकत असते, पोटावरच्या शिरा दिसतात. मुलाला तिथं उभं करा. कठड्यावर बसवायचं नाही, हात आत घालायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, छत्री उघडायची नाही, खायला काही द्यायचं नाही. पाऊस असणारच, तेव्हा रेनकोट घाला.

शर्यतीत घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळतो. म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. अंग साडेचारशे-पाचशे किलोचं. एवढं वजन एवढ्या वेगात आलं की "बघून बाजूला होऊ" याला अर्थ राहत नाही. म्हणून तिथं माणूस आणि घोडा यांच्यामध्ये पक्कं रेलिंग असतं आणि प्रेक्षक त्याच्या आत पाऊल टाकत नाही. शर्यत सुरू झाली की रुग्णवाहिका घोड्यांच्या मागं मागं निघते. जॉकीच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात संरक्षक जाकीट. एकदा माझ्या डोळ्यांसमोर जॉकी पडला. हजारो माणसं, पण एकानंही कठडा ओलांडला नाही. काही क्षणांत रुग्णवाहिका त्याच्यापाशी.

आपल्या यात्रेत आणि तिथं फरक पैशाचा आहे असं लोक म्हणतात. मला तो कठड्याचा वाटतो. बांबू आपल्याकडंही मिळतात.

कृष्णामाईचा_घाट
शेवटची ओळ यात्रा समितीच्या फलकावर लिहायला हवी.

माणदेशी_खोंड
वाईकर, एक सांगतो. बांबू लावायचं तर जमिनीत खोल पुरून, आणि धावपट्टीकडं टोक न येता. आमच्याकडं एकानं तिरके ठोकले, बैलाच्या बरगडीला लागलं. आणि दोन थर लावा. आतल्या आणि बाहेरल्या बांबूत एका गाडीएवढी मोकळी जागा. बाहेरल्या थराला माणसं टेकणार, ती टेकू द्या. आतला थर कोणाच्या हाताला लागता कामा नये.

जयसिंगपूर_भडंग
दोन थरांचं भारी आहे. आणि निवेदकालाही सांगा. गर्दी निवेदकाच्या आवाजावर हलते. फायनल सुटली की तो "आली आली आली" करून उठवतो आणि माणसं पुढं सरतात. त्यानंच दर फेऱ्याआधी थांबून म्हणावं, दोरीच्या आत एक जरी माणूस दिसला तर झेंडा पडणार नाही. आमच्याकडच्या एका निवेदकानं खरंच वीस मिनिटं फेरा थांबवला होता. शिव्या खाल्ल्या, पण फायनलपर्यंत कोणी दोरी ओलांडली नाही.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार. धागा छापून समितीच्या बैठकीत घेऊन गेलो होतो. आधी "तू लई शिकलाय" झालं. मग मी गेल्या वर्षीच्या आजोबांचं सांगितलं, ते समितीतल्या एकाचे चुलत सासरे निघाले. मग मात्र सगळे गप्प बसून ऐकत होते.

ठरलं ते असं. निकालाच्या रेषेपुढचं सगळं रान मोकळं, तिथं फक्त बिल्लेवाली पोरं. दोन्ही अंगांना बांबूचे दोन थर. मधल्या पल्ल्याला बायका-मुलांची जागा, टँकर तिथंच. परवानगीची प्रत मंडपात लावणार. घोडागाड्यांवरून भांडण झालं, दोन तास चाललं. शेवटी त्या या वर्षी रद्द. त्याऐवजी घोडे शाळेच्या मैदानात मालकांसह उभे करायचे, कुणाला बघायचं त्यानं बघावं. काही जण नाराज आहेत, त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ आहे. तो अजून बोलत नाही.

कोर्टाची_पायरी
रद्द केल्याबद्दल समितीचं अभिनंदन करा. सोपं नसतं ते.

कडेगावची_सून
यात्रा झाली की लिहा हो दादा. वाट बघते.

वारणाकाठ
झाली यात्रा. कोणाला खरचटलंही नाही असं म्हणणार होतो, पण एका पोराच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तेवढं धरा.

सेमीच्या एका फेऱ्यात एक जोडी रेषेपुढं गेली ती थेट डावीकडच्या बांबूकडं वळली. आतला थर मोडला. बाहेरच्या थराशी लोक उभे होते, पण मधल्या मोकळ्या जागेत ड्रायव्हरनं कासरा आवळला आणि पोरांनी बैल धरले. गेल्या वर्षीसारखी गर्दी असती तर त्या जागी पंधरा-वीस माणसं होती.

भाचा मधल्या पल्ल्याला ट्रॉलीत होता, ट्रॅक्टरची चावी माझ्या खिशात. संध्याकाळी शाळेच्या मैदानात गेलो. एका पांढऱ्या घोडीजवळ तो थांबला, पुढं जाईना. मला वाटलं घाबरला. तर म्हणाला, "मामा, तिचे कान बघ ना. अजून मागं आहेत. थांबू." थांबलो आम्ही. मालकानं घोडीला पाणी दाखवलं, मान थोपटली. दहा-एक मिनिटांनी कान सैल झाले, तेव्हा तो बाजूनं गेला आणि खांद्यापाशी हात ठेवला.

जनावरांचा_डॉक्टर
शाबास रे पोरा!

माणदेशी_खोंड
बांबूचा खर्च कुणी केला ते लिवा. आमच्या समितीला दाखवायचाय धागा.

वारणाकाठ
मांडववाल्यानं बांबू फुकट दिले, मोडलेल्यांचे तेवढे पैसे घेतले. खड्डे तालमीच्या पोरांनी आदल्या रात्री खणले. चहा आणि भडंग समितीकडनं. तुमची यात्रा कधी आहे? पोरं पाठवतो.